अंकुराची वाढ आणि डोंगराची विक्री

गेल्या भाद्रपदात माझा एक जुना विद्यार्थी कॅमेरे, तिपाई आणि आकाशातून चित्रे टिपणारा एक ड्रोन घेऊन आष्टीस आला. पुण्यास त्याचा व्यवसाय आहे, आणि तो व्यवसाय म्हणजे दुसऱ्यांच्या व्यवसायांची चित्रे तयार करणे. कारखान्याचा परिचय, दुकानाची जाहिरात, दूरदेशीच्या गिऱ्हाइकास माल घरबसल्या दाखविणारा दोन मिनिटांचा व्हिडिओ, असली कामे तो करतो आणि ती नेटकी करतो. या खेपेस त्याचे काम आमच्याच तालुक्यात निघाले होते. बालाघाटाच्या एका उतारावर कोणी जमिनीचे तुकडे पाडून ते शहरातील लोकांस ‘निसर्गसान्निध्यातील घरा’साठी विकावयास काढले होते. दोन दिवस चित्रण चालले. डोंगर हिरवागार होता, ओढा वाहत होता, तिसऱ्या प्रहरी ढग माथ्यावर उतरत होते. ‘सर, मराठी निवेदन आपणच लिहा आणि वाचाही आपणच,’ असा त्याने आग्रह धरला. शिष्याचा आग्रह आणि स्वतःच्या आवाजाचा मोह या दोहोंपुढे मी नमलो.

निवेदन वीसेक ओळींचे होते. त्यांत एक ओळ अशी होती की, माघ सरला म्हणजे या डोंगरावर पाणी राहत नाही, सबब येथे वास्तव्य करू इच्छिणाराने पाण्याची सोय आधी पाहावी. शिष्याने कागद वाचला आणि अत्यंत नम्रपणे ती एक ओळ खोडली. ‘सर, हे खोटे नाही, पण चित्रात ते नको आहे.’ मी मान डोलावली, उरलेल्या ओळी वाचल्या, आणि चहा घेऊन आम्ही उठलो.

‘खोटे नाही, पण चित्रात नको’ हे वाक्य त्या दिवसापासून माझा पिच्छा पुरवीत आहे. आजच्या व्यापारी चित्रांचा सारा धर्म त्या पाच शब्दांत आला आहे. आणि मला त्याहून अधिक बोचते ते हे की, ज्यांना आपण कलाकृती म्हणून आदराने पाहतो त्या निसर्गाकडे परतण्याच्या चित्रपटांपैकी पुष्कळांचाही धर्म तोच आहे. एक चित्र डोंगर विकते आणि दुसरे डोंगराची ओढ विकते. विकणारे निराळे, तिकिटाची किंमत निराळी. परंतु दोन्हींतून वगळली जाणारी गोष्ट एकच आहे. ती म्हणजे त्या डोंगरावर बारा महिने राहणारे माणूस. हे माझे म्हणणे पुष्कळांस रुचणार नाही. म्हणून ते जरा विस्ताराने मांडतो.

व्यापार आणि चलच्चित्र यांचे नाते नवे आहे, किंवा ते मुळातच हीन आहे, असे मात्र मला मुळीच म्हणावयाचे नाही. आपल्या देशातील चित्रपटाचा जन्मच या नात्यातून झाला. १९१२ साली दादासाहेब फाळके विलायतेहून कॅमेरा घेऊन परतले तेव्हा त्यांच्यापाशी विद्या होती, परंतु भांडवल नव्हते. हलती चित्रे येथे, आपल्या हातांनी, तयार होऊ शकतात यावर पैसेवाल्यांचा विश्वास बसेना. तेव्हा फाळक्यांनी काय केले? त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा तिच्यासमोर रोखला, आणि महिन्याहून अधिक काळ त्या रोपाची चित्रे थोडीथोडी घेत राहिले. ती सलग दाखविली तेव्हा जमीन फुटून कोंब वर आला, पाने उलगडली आणि वेल वर चढू लागली. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ते चित्र प्रसिद्ध आहे. ते पाहून कर्ज मिळाले. सरस्वतीबाईंचे दागिने गहाण पडले ते निराळेच. आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला.

वाचकहो, या घटनेकडे नीट पाहा. फाळक्यांचे हे आद्य चलच्चित्र एकाच वेळी निसर्गाचे चित्र होते आणि धंद्यासाठी केलेले चित्रही होते. सावकारास पटविण्यासाठी केलेली ती जाहिरातच होती. परंतु ती जाहिरात प्रामाणिक होती, आणि तिचा प्रामाणिकपणा तिच्या कृतीतच होता. फाळक्यांनी काळ आखडला, पण तो निवडला नाही. कोंब दिसावयाच्या आधीचे, नुसत्या मातीचे दिवसही त्यांनी टिपले, कारण त्या मातीवाचून कोंबाचा चमत्कार चमत्कारच राहिला नसता. महिन्याचा मिनिट केला तरी तो साऱ्या महिन्याचा मिनिट होता. माझ्या शिष्याचे चित्र याच्या नेमके उलट आहे. त्याने दोन दिवस घेतले आणि ते बारा महिने म्हणून दाखविले. कॅमेरा पूर्वीपेक्षा शतपटीने चांगला झाला आहे. मात्र कुंडीपुढे बसून राहण्याची वृत्ती गेली आहे.

आता दुसऱ्या प्रकारच्या चित्रांकडे वळू. शहराला विटलेला मनुष्य सर्वस्व टाकून अरण्यात जातो, तेथे त्याला आपला आत्मा सापडतो, ही कथा गेल्या काही वर्षांत सुशिक्षितांच्या घरोघरी मोठ्या आवडीने पाहिली जाते. त्यांत २००७ साली शॉन पेन यांनी दिग्दर्शित केलेला ‘इन्टू द वाइल्ड’ हा अग्रगण्य होय. ख्रिस्तोफर मॅककँडलेस या तरुणाची ती सत्यकथा आहे. पदवी मिळताच त्याने आपली २४,००० डॉलरांची शिल्लक दान केली, घर सोडले, आणि अखेर अलास्काच्या रानात एका टाकून दिलेल्या मोटारीत १९९२ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी, अन्नावाचून प्राण सोडला. चित्रपट हा मृत्यू लपवीत नाही, हे मला मान्य आहे. परंतु तो इतका सुंदर करून दाखवितो की पाहणाराला भूक आठवत नाही, प्रकाश आठवतो. परिणाम काय झाला? ती मोटार तीर्थक्षेत्र बनली. तेथे जाण्याच्या नादात नद्या ओलांडताना माणसे बुडाली. आणि शेवटी जून २०२० मध्ये सरकारला ती मोटार हेलिकॉप्टरने उचलून न्यावी लागली. चित्राने जे सुंदर केले ते दुरून उचलून नेण्याची पाळी यावी, यावर अधिक टीकेची आवश्यकता नाही.

या साऱ्या परंपरेचे आजोबा म्हणजे थोरो. इंग्रजी शिकविण्यात आयुष्य गेल्यामुळे त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे. १८४५ ते १८४७ अशी सुमारे दोन वर्षे ते वॉल्डनच्या तळ्याकाठी राहिले; ज्या जमिनीवर राहिले ती त्यांचे मित्र इमर्सन यांची होती, आणि आईचे घर चालत जाण्याच्या अंतरावर होते. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. परंतु थोरोंनी निदान आपल्या झोपडीच्या खर्चाचा हिशेब पुस्तकात मांडला. खिळ्यांना किती लागले, चुन्याला किती लागले, हे त्यांनी लिहिले. आजच्या वनवासाच्या चित्रपटांत असा हिशेब क्वचितच असतो. नायक डोंगरात काय खातो, आजारी पडला तर कोणाकडे जातो, ती जागा कोणाची, हे प्रश्न संगीताच्या सुरांत वाहून जातात. जो परत येऊ शकतो तोच ‘निसर्गाकडे जातो’. ज्याला परत येण्यास दुसरी जागाच नाही तो तेथे नुसता राहतो, आणि त्याच्यावर कोणी चित्रपट काढीत नाही.

‘कोणी काढीत नाही’ हे म्हणणे थोडे अन्यायाचे झाले. काढणारे निघाले आहेत, आणि अभिमानाची गोष्ट अशी की त्यांत आपली माणसे आहेत. १९२५ साली बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात ‘सावकारी पाश’ हा मूकपट केला. त्यातील शेतकरी कर्जापायी जमीन गमावतो आणि शहरात गिरणीच्या दारी जातो. ती भूमिका तरुण शांतारामांनी केली होती. नव्वद वर्षांनी, २०१५ मध्ये, भाऊराव कऱ्हाडे यांचा ‘ख्वाडा’ पडद्यावर आला. आमच्या शेजारच्या नगरकडील बोलीत तो बोलतो. त्यातील धनगर कुटुंब मेंढरांमागे रानोमाळ फिरते. शहरी प्रेक्षकाला हेवा वाटावा इतके ते निसर्गाच्या सान्निध्यात आहे. परंतु त्या घरातील तरुण मुलाला हवे आहे ते एका जागी घर, एक लग्न आणि भटकंतीला पूर्णविराम. बाप वनखात्याने घेतलेल्या जमिनीसाठी कोर्टाच्या पायऱ्या झिजवीत आहे. अरण्यात राहणारास अरण्य सोडावेसे वाटते आणि दिवाणखान्यात बसणारास अरण्यात जावेसे वाटते. या दोन इच्छांपैकी पहिलीचे चित्र आपण पाहत नाही, कारण ते पाहिल्यावर दुसरीची लाज वाटू लागते. कुरोसावांचा १९७५ चा ‘डर्सू उझाला’ हाही याच थोड्या प्रामाणिक चित्रांतला. रानातला म्हातारा शिकारी दृष्टी मंदावल्यावर शहरात आणला जातो, तेथे घुसमटतो, परत निघतो. आणि प्रेमाने भेट दिलेली नवी बंदूकच त्याच्या खुनाचे कारण होते. तेथे निसर्गही सुंदर आहे आणि हिशेबही पुरता मांडलेला आहे.

आता माझ्या गावाविषयी. आष्टी तालुका बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, पर्जन्यछायेत वसला आहे. येथील डोंगररांगांस आम्ही गर्भगिरी म्हणतो. याच तालुक्यात सावरगावाजवळ मायंबा येथे मच्छिंद्रनाथांची समाधी आहे. म्हणजे एकान्तवासाची परंपरा आम्हांस परकी नाही. नाथपंथी जोगी या कड्याकपाऱ्यांत राहिले. परंतु त्या परंपरेचा एक नियम होता. जोगी झोळी घेऊन गावात उतरे आणि घरोघरी भिक्षा मागे. आपला एकान्त गावाच्या भाकरीवर उभा आहे, याची जाणीव त्याला रोज दारोदार करून दिली जाई. निसर्गात एकटे राहता येते असा भ्रम नाथांना कधी नव्हता.

आणि आज या डोंगरात राहतात ते कोण? दसरा झाला की आमच्या तालुक्यातील वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी नवरा-बायको ऊसतोडीस निघतात. त्या जोडप्याला या धंद्यात माणसांचे नावही नाही. त्यांना ‘कोयता’ म्हणतात. पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात फडाच्या कडेला कोपीत राहावयाचे, पहाटेच्या थंडीत ऊस तोडावयाचा, मोळ्या डोक्यावरून वाहनात भरावयाच्या, आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परत यावयाचे. उघड्या आकाशाखाली, वाऱ्यापावसात, झाडामातीच्या सान्निध्यात! निसर्गजीवन याहून अधिक शुद्ध कोठे मिळेल? त्या सान्निध्याची किंमतही नोंदलेली आहे. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढले गेल्याचे आढळले. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही, फडावर पाण्याची वा आडोशाची सोय नाही, दुखणे अंगावर काढावयाचे आणि अखेर शस्त्रक्रियेने त्याचा निकाल लावावयाचा. हा आकडा कोणत्याही ‘निसर्गसान्निध्या’च्या चित्रात येणार नाही. तो खोटा नाही. पण चित्रात नको आहे.

एका गोष्टीकडे वाचकांचे विशेष लक्ष वेधतो. डोंगर हिरवा असतो तो श्रावणापासून दसऱ्यापर्यंत. नेमका तो पिवळा पडू लागला की त्याचे रहिवासी बाहेर पडतात आणि तो पुरता करपला की परत येतात. शहरातून येणारा पाहुणा हिरवळीच्या महिन्यांत येतो. म्हणजे एकाच डोंगराचे वर्ष दोघांनी वाटून घेतले आहे: हिरव्या महिन्यांची शोभा विकत घेणाराची आणि चैत्र-वैशाखाचा टँकर राहणाराचा. व्यापारी चित्र ही वाटणी करीत नाही, परंतु तिच्यावर पांघरूण घालते.

याच यंत्रविद्येची दुसरी बाजू मी पाहिलेली आहे. २०२० च्या टाळेबंदीपासून कचेऱ्यांच्या सभा व्हिडिओवर भरू लागल्या. माझा पुतण्या अशा सभांस बसतो. त्याच्या पाठीमागे, खोलीतील वाळत घातलेले कपडे झाकण्यासाठी, देवदारांच्या रानाचा देखावा असतो. डोके हलले की कानाभोवतीचे रान थोडे फाटते आणि खालची भिंत दिसते. मला ती फट फार आवडते. त्या साऱ्या देखाव्यात तेवढेच खरे असते. आणि आमच्या शेजारी एक आजीबाई आहेत, त्यांच्याकडे दोन नातवंडे शाळेसाठी मागे ठेवलेली आहेत. रात्री साडेआठच्या सुमारास त्यांच्या मोबाइलवर सोलापूरकडच्या फडावरून लेकीचा व्हिडिओ येतो. तिच्या पाठीमागे देखावा नसतो. अंधार असतो, चुलीचा उजेड असतो. ‘जेवलीस का? वही दाखव बरं,’ असे ती म्हणते, आणि थोरली नात वही त्या काचेपुढे धरते. धंद्यासाठी निघालेल्या या विद्येने केलेले सर्वांत मोठे काम मला ते वाटते. यंत्राला दोष नाही. यंत्र वही दाखविते आणि वाळत घातलेले कपडे झाकतेही. काय दाखवावयाचे हे आपण ठरवितो.

आता आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप असा की, अशा चित्रांनी गावात पैसा येतो. २०२० साली राज्याने कृषिपर्यटनाचे धोरण आखले. सप्टेंबर २०२२ मध्ये नगरहून आष्टीपर्यंत रेल्वे आली, तीही आम्ही पिढ्यान्‌पिढ्या जिची वाट पाहिली ती. पाहुणे यावेत, खोल्या चालाव्यात, पोरांना ऊसतोडीवाचून दुसरा रोजगार मिळावा, हे कोणाला नको आहे? मलाही हवे आहे. परंतु ज्या शेतकऱ्याच्या घरी पाहुणा जेवतो तेथे उन्हाळा लपविता येत नाही. तेथे यजमान स्वतःच सांगतो की पाणी जपून वापरा. पैसा आणण्यासाठी असत्याची गरज नसते, घाईने पैसा काढून नेण्यासाठी ती असते.

दुसरा आक्षेप कलावंतांचा आहे: चित्रपट म्हणजे दप्तर नव्हे, त्याने सारेच सांगावे असा आग्रह अरसिकपणाचा आहे. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो. निवड ही कलेची शक्तीच आहे. परंतु निवडीचे दोन प्रकार असतात. वगळलेले ज्याने अधिक जाणवते ती कलावंताची निवड; वगळलेले ज्याने आठवूच नये ती विक्रेत्याची. ‘ख्वाडा’ही निवडच करतो, फाळक्यांचा अंकुरही निवडच होता.

तिसरा आक्षेप सर्वांत मानवी आहे, आणि तो माझ्या वाचकांच्या घरांतून येईल. शहरात दिवसभर पडद्यापुढे बसून जीव खरोखरच विटतो. दोन तास रान पाहून बरे वाटले तर त्यात पाप काय? पाप काहीच नाही. थकवा खरा आहे आणि ओढही खरी आहे. फाळक्यांनीही एकदा आपल्याच कंपनीतील कटकटींना कंटाळून काशीची वाट धरली होती. परंतु तेथे बसून त्यांनी ‘रंगभूमि’ हे नाटक लिहिले, ज्या जगाकडे पाठ फिरविली त्याचाच विचार केला, आणि पुन्हा येऊन कामाला लागले. निवृत्ती अशी असावी. ज्या रानाने आपणांस विसावा दिला त्याच्या विहिरीची चौकशी न करता परतणे याला मी निवृत्ती म्हणणार नाही. ती उधारी झाली.

माझी मागणी मोठी नाही. जमिनीचे, घराचे वा पर्यटनाचे चित्र तयार करणाराने ते कोणत्या महिन्यात घेतले हे पडद्यावर अक्षरांत लिहावे, आणि त्याच जागेचे वैशाखातील एक चित्र त्यात घालावे. औषधाच्या बाटलीवर तारीख छापावी लागते. डोंगराच्या चित्रावर का नसावी? आणि सुशिक्षित कुटुंबांनी निसर्गाचा चित्रपट पाहून झाल्यावर घरातील मुलांना एवढेच विचारावे की, या गोष्टीत पाणी कोण भरत होते? मुले चाणाक्ष असतात. ती उत्तर शोधतील, आणि बहुधा त्यांना ते चित्रात सापडणार नाही.

हे सारे मी दुसऱ्यांना सांगत आहे, तेव्हा माझाही हिशेब पुरा मांडला पाहिजे. चैत्रात एका संध्याकाळी मला अनोळखी आवाजात फोन आला. बोलणारे पुण्याचे एक सेवानिवृत्त गृहस्थ होते. त्यांनी तो तुकडा घेतला होता, आणि प्रथमच त्यावर रात्र काढावयास आले होते. ओढा कोरडा होता, विंधनविहिरीस पाणी नव्हते, आणि टँकरवाल्याने आधी गावाच्या पाळीकडे बोट दाखविले होते, ते योग्यच होते. गृहस्थ रागावलेले नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, ‘त्या चित्रातला आवाज आपलाच ना? आवाज ऐकून वाटले, हा माणूस येथलाच असणार, याला माहीत असेल.’

मला माहीत होते. ती ओळ मी लिहिलीही होती. मी त्यांस घरी बोलावले, पाणी दिले, जेवू घातले, आणि खोडलेला तो कागद काढून दाखविला. त्यांनी तो दोनदा वाचला आणि काही न बोलता परत दिला. दुसऱ्या दिवशी मी शिष्याला पत्र लिहून कळविले की, माझा आवाज त्या चित्रातून काढावा किंवा ती ओळ त्यात घालावी. अद्याप त्याचे उत्तर आलेले नाही.